हिंदुरावांचं रक्त

"अण्णा, सुटली! सुटली एकदाची!"

हिंदुराव कुरणे तेव्हा मिरजेच्या एसटी स्टँडमागच्या एका गॅरेजात ट्रकखाली आडवे पडले होते. आगारात चौतीस वर्षं मेकॅनिकी करून ते निवृत्त झाले होते, पण हाताला ग्रीस लागल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. फोनवर मुलगी ओरडत होती आणि त्यांना वाटलं, गाडीचंच काहीतरी निसटलं.

"काय सुटलं? चाक?"

"चाक नाही हो, पेशी! तुमची पेशी! आत्ता माझ्या डोळ्यांदेखत भिंतीतून वाकली, गोल झाली आणि टप्पकन प्रवाहात पडली. मागोमाग दुसरी. अकरा मोजल्या मी. थांबा, बारा!"

"म्हणजे नक्की काय झालं गं शरू?"

शर्वरीनं क्षणभर विचार केला. "इंजिन सुरू झालं, अण्णा."

हे मात्र हिंदुरावांना चटकन कळलं. ते ट्रकखालून सरपटत बाहेर आले आणि तसेच, तेलकट कपड्यांनी, मुलीच्या प्रयोगशाळेकडे निघाले.

ती पेशी सुटण्याची वाट डॉ. शर्वरी कुरणे सहा वर्षं पाहत होती. आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधीपासून, अकरा वर्षांची असल्यापासून.

हिंदुरावांचा रक्तगट बॉम्बे. एकोणीसशे बावन्न साली मुंबईत सापडला म्हणून ते नाव. आपल्या तांबड्या पेशींवर ए किंवा बी अशा खुणा असतात, हे शाळेत सगळेच शिकतात. त्या खुणा एका पायावर उभ्या असतात. ओ गटाच्या माणसाकडे खुणा नसतात, नुसता पाया असतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे पायाच नसतो. त्यामुळे त्याच्या शरीराला ओ गटाचं रक्तसुद्धा परकं वाटतं आणि ते त्यावर तुटून पडतं. अशा माणसाला फक्त दुसऱ्या बॉम्बेवाल्याचंच रक्त चालतं, आणि असा माणूस दहा हजारांत एखादा. त्यात हिंदुराव निगेटिव्ह. त्यांच्यासारखा दुसरा शोधायचा तर जिल्हेच्या जिल्हे पालथे घालावे लागत.

आगारातल्या एका शिबिरात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, हे त्यांना समजलं. तेव्हापासून फोन यायचा आणि हिंदुराव निघायचे. बेळगाव, लातूर, हुबळी, नांदेड. शंभराहून अधिक वेळा त्यांनी रक्त दिलं होतं. शर्वरीच्या साखरपुड्याच्या दिवशी ते हुबळीहून परतले तेव्हा शेवटची पंगतही उठली होती. बायको मालन पुढचे पंधरा दिवस त्यांचं ताट वाढायची आणि आत निघून जायची.

शर्वरीला मात्र रागापेक्षा वेगळंच काहीतरी टोचत असे. अकरा वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, "अण्णा, तुम्हालाच रक्त लागलं तर तुम्हाला कोण देणार?" हिंदुराव हसले होते. "मला काय हुतंय?" एवढंच म्हणाले होते. त्या उत्तरानं तिचं समाधान झालं नाही. बारावीनंतर तिनं जीवशास्त्र घेतलं, मग पीएचडी केली, आणि मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या आवारात नवी संशोधनशाळा निघाली तेव्हा पुण्याची नोकरी सोडून ती गावी परतली.

तिचा प्रश्न साधा होता. गर्भात रक्त येतं कुठून?

पोटातलं बाळ तांदळाच्या दाण्याएवढं असतं तेव्हा त्याच्याकडे तात्पुरतं, कामचलाऊ रक्त असतं. मग एक विलक्षण गोष्ट घडते. गर्भाच्या मुख्य धमनीच्या तळाशी, भिंतीतल्याच काही पेशी कूस बदलतात. त्यांच्यात रंक्स-वन नावाचं एक जनुक जागं होतं. कालपर्यंत भिंतीची वीट असलेली पेशी वाकते, गोल होते, भिंत सोडते आणि वाहत्या प्रवाहात उडी घेते. ही रक्ताची मूळपेशी. आयुष्यभर जे रक्त माणसाच्या अंगात खेळतं, ते या मूठभर पेशींचं वंशज. हा सगळा खेळ फार थोडा वेळ चालतो. मग दार बंद होतं, ते पुन्हा कधीच उघडत नाही.

शर्वरीनं ते दार बाहेर, काचेत उघडायचं ठरवलं होतं. हिंदुरावांच्या दंडावरून तिनं कातडीचा मसुराच्या डाळीएवढा तुकडा घेतला. त्यातल्या पेशींना गर्भावस्थेत परत नेलं, त्यांच्यापासून धमनीचं अस्तर तयार केलं आणि तळहातावर मावेल अशा पारदर्शक चकतीतल्या केसाएवढ्या बारीक नळीत ते लावलं. नळीतून पंपानं द्रव खेळवला, कारण वाहत्या प्रवाहाचा रेटा लागल्याशिवाय ते जनुक जागं होत नाही, हे आधीच ठाऊक होतं. या चकतीला सगळे 'धमनी' म्हणत. पाच वर्षं धमनी चालली. जनुक जागं व्हायचं, पेशी थोड्या वाकायच्या आणि तशाच राहायच्या. भिंत सोडायला तयार नसायच्या.

मग एका दुपारी हिंदुराव डबा द्यायला आले. शर्वरी सूक्ष्मदर्शकाखाली झेब्रा माशाचं अंडं पाहत होती. हे मासे आपल्या ओढ्यांत सापडणारे, बोटाच्या पेराएवढे. त्यांचा गर्भ काचेसारखा आरपार दिसतो. तिनं वडिलांनाही दाखवलं. त्या इवल्याशा जिवाचं हृदय नुकतंच चालू झालं होतं. हिंदुराव बराच वेळ डोळा लावून बसले.

"हे नीट चालंना की गं," ते म्हणाले. "दोन ठोके टाकतंय, थांबतंय. परत तीन टाकतंय."

"नवीन आहे ना ते. पहिले काही तास अडखळतंच. मग लागतं रांगेला."

"आणि तुझा पंप?"

"तो पहिल्यापासून एका तालात."

"मग चुकतंय तुझं," हिंदुराव शांतपणे म्हणाले. "नवं इंजिन बसवल्याबरोबर आमी कधी फुल्ल स्पीडला पळवत न्हाई. थोडं चालवायचं, थांबवायचं. पार्ट एकमेकाला वळखाय लागत्यात. मग दाबायचं."

शर्वरी हसली. डबा खाल्ला. हात धुताना ती एकदम थांबली आणि ओल्या हातांनीच संगणकाकडे धावली. गर्भाचं हृदय अडखळतं तो दोष आहे असंच आजवर सगळ्यांनी धरलं होतं. पण तो निरोप असेल तर? रेटा, मग विसावा, मग रेटा. रेट्यानं जनुक जागं होत असेल आणि विसाव्यात पेशी भिंतीची पकड सोडत असेल तर? तिनं माशाच्या हृदयाचे पहिल्या सहा तासांचे ठोके जसेच्या तसे टिपले आणि तीच अडखळ पंपाला शिकवली.

तीन आठवड्यांनी पेशी सुटली.

त्यानंतर चौदा महिने कसे गेले ते तिला कळलं नाही. सुटलेल्या मूळपेशींपासून तांबड्या पेशी वाढवल्या, गाळल्या, तपासल्या, उंदरांत पाहिल्या. शेवटी शीतकपाटात दोन पिशव्या उभ्या राहिल्या. गडद लाल, साध्या रक्तासारख्याच दिसणाऱ्या. माणसावर चाचणी घ्यायला सरकारी परवानगी मिळाली, पण अट कडक होती: ज्याच्या कातडीपासून रक्त केलं, सध्या फक्त त्यालाच ते द्यायचं. आधी दहा मिलिलिटर, मग पन्नास, मग पिशवी. दहा मिलिलिटर हिंदुरावांना देऊन झाले होते. त्यांना काही झालं नव्हतं. पन्नासची तारीख पुढच्या महिन्यातली होती.

तो फेब्रुवारीतला मंगळवार होता. सकाळचे साडेदहा वाजले होते. रक्तपेढीच्या प्रमुख डॉ. पद्मजा चौगुले जिने चढून स्वतः प्रयोगशाळेत आल्या, तेव्हाच शर्वरीच्या लक्षात आलं की काहीतरी मोठं आहे.

"कवठे महांकाळची मुलगी आहे. आफ्रीन मुजावर, सव्वीस वर्षांची," त्या दम खात म्हणाल्या. "पहाटे सिझर झालं. बाळ छान आहे, पण हिचा रक्तस्राव थांबत नाही. हिमोग्लोबिन चारवर आलंय. ओची एकही पिशवी जुळेना, म्हणून मी पुन्हा गट तपासला. बॉम्बे."

"बाकीचे दाते?"

"एक मस्कतला. एकाला कावीळ. तिसरा इंदूरहून गाडीनं निघालाय, संध्याकाळी आठपर्यंत पोचेल. तिच्याकडे आठपर्यंत वेळ नाही, शर्वरी. दुपारपर्यंत दोन पिशव्या लागतील."

"अण्णांनी अडतीस दिवसांपूर्वीच लातूरला दिलंय. त्यातून दोन पिशव्या..."

"माहीत आहे मला. नियमाप्रमाणे तीन महिन्यांच्या आत मी एकसुद्धा काढू शकत नाही."

दोघींचीही नजर एकाच वेळी शीतकपाटाकडे गेली. दोन पिशव्या. नेमक्या दोन.

दारात एक तरुण उभा होता. आफ्रीनचा नवरा जावेद. डॉक्टरांच्या मागोमाग तो कधी वर आला ते कुणाला कळलंच नव्हतं. "मॅडम, खाली लोक म्हणत्यात, तुमच्याकडं तसलं रक्त हाय. मशीनवर केल्यालं. तेच द्या की. मी सही करतो. कशावर पण करतो."

शर्वरी त्याच्याजवळ गेली. "भाऊ, ते दुसऱ्या माणसाच्या अंगात अजून एकदाही गेलेलं नाही. तुमच्या बायकोच्या अंगात आत्ता जी ताकद उरलीये, त्यात जरा जरी उलटलं तर सावरता येणार नाही. मला द्यावंसं वाटतंय, पण मी देऊ शकत नाही."

जावेद भिंतीला टेकला.

अकराच्या सुमारास हिंदुराव आले, स्कूटरवर, मागे मालन. रक्तपेढीतल्या कुणीतरी सवयीनं त्यांनाच फोन लावला होता. सगळं ऐकून घेऊन ते खुर्चीत बसले आणि बाही वर करायला लागले.

"कुरणेकाका, तुमचं मला घेता येत नाही," डॉ. चौगुले म्हणाल्या.

"का? कमी पडंल म्हणून?"

"हो. दोन पिशव्या काढल्या तर तुमच्या अंगात काय राहील?"

"मग भरा की परत." हिंदुरावांनी शीतकपाटाकडे बोट केलं. "माझं अंगातलं काढून त्या पोरीला घाला. ते पारखल्यालं हाय, एकशे सात जणांत गेलंय. आणि हे मशीनचं मला घाला. माझंच हाय न्हवं? नियमात तसंच लिवलंय की, माझं मलाच द्यायचं."

डॉ. चौगुलेंनी शर्वरीकडे पाहिलं. इतका सरळ रस्ता डोळ्यांसमोर असून तो दोघींपैकी एकीलाही दिसला नव्हता. शर्वरी शीतकपाटाकडे निघाली, आणि दुसऱ्याच क्षणी थांबली.

"नाही, अण्णा."

"का?"

"दहा मिली आणि दोन पिशव्या यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधी तुम्हाला रिकामं करायचं आणि मग ते भरायचं. मध्येच ते मानवलं नाही, तर तुम्हाला द्यायला आसपास दुसरी पिशवी नाही. कळतंय का तुम्हाला? एकही नाही!"

"तू केलंयस न्हवं ते?"

"हो."

"मग तुझाच तुझ्यावर इश्वास न्हाई?"

"विश्वास आहे," शर्वरी म्हणाली. "पण तुम्ही माझे वडील आहात."

"ती बी कुणाची तरी हायच की."

शर्वरीनं आईकडे पाहायला मान वळवली. आई अडवेल, नेहमीसारखी चिडेल, असं तिला वाटलं होतं. पण मालन खोलीत नव्हती. ती मघाशीच खाली बाळंतिणींच्या कक्षाकडे गेली होती. थोड्या वेळानं परत आली तेव्हा तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली मुलगी होती आणि मागे आफ्रीनची आई.

"ह्या बाईंना उभं राहवंना, म्हणून मी घेतली," मालन म्हणाली. मग डॉ. चौगुलेंना विचारलं, "रक्त मिळालं तर हिची आई वाचंल?"

"आत्ता मिळालं तर वाचेल."

"मग अशा उभ्या काय राहिलायसा सगळ्या?"

त्यापुढचा अर्धा तास नुसती धावपळ होती. चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीच्या अध्यक्षांना फोन लागला. तातडीच्या प्रसंगी टप्पे गाळण्याचं कलम परवानगीत होतं. अध्यक्षांनी ते मोठ्यानं वाचून घेतलं, हिंदुरावांना स्वतः चार प्रश्न विचारले आणि होकार दिला. मुदतीआधी रक्त काढण्यासाठी दोन डॉक्टरांच्या सह्या, लेखी आदेश, आणि एक अट: शर्वरी त्यांची मुलगी आहे, तिनं खोलीत थांबायचं नाही.

म्हणून जे तिनं सात वर्षं खपून घडवलं होतं ते वडिलांच्या अंगात जाताना शर्वरी बाहेरच्या बाकावर बसून होती. शेजारी आई, आईच्या मांडीवर दुसऱ्याची लेक.

आधी उजव्या हातातून रक्त काढायचं आणि डाव्यातून सलाइन सोडायचं, असं ठरलं होतं. पहिली पिशवी बाराला दहा कमी असताना दाराबाहेर आली. परिचारिका ती छातीशी धरून शस्त्रक्रियागृहाकडे पळाली. दुसरी सव्वाबाराला. दार उघडलं तेव्हा शर्वरीला वडिलांचा चेहरा ओझरता दिसला. पिठासारखा पांढरा, कपाळावर घाम.

"रक्तदाब किती?" ती ओरडली.

"नव्वद. आता पिशवी लावतोय," आतून आवाज आला.

मग दार लागलं. पाच मिनिटं. दहा मिनिटं. आणि डॉ. चौगुले धावत बाहेर आल्या.

"हुडहुडी भरलीये. पिशवी थांबवलीये मी."

हुडहुडी म्हणजे शरीर नव्या रक्तावर उठलं असल्याची पहिली खूण असू शकते. तसं असेल तर पेशी फुटू लागतील, आणि मग परतीची वाट नाही. पण डॉ. चौगुलेंच्या हातात एक बारीक काचेची नळी होती. हिंदुरावांच्या रक्ताचा ताजा नमुना. यंत्रात गरगर फिरवून पेशी तळाला बसवलेला. पेशी फुटल्या असत्या, तर वरचा पाण्यासारखा भाग लालसर झाला असता.

"तू बघ. दोघींनी बघितलेलं बरं."

शर्वरीनं नळी खिडकीच्या उजेडात धरली. खाली लाल. वर पिवळसर, स्वच्छ. तिनं पुन्हा पाहिलं. एकही लाल छटा नव्हती.

"फुटत नाहीयेत," ती पुटपुटली. मग ओरडलीच, "मॅडम, फुटत नाहीयेत! पिशवी किती गार होती? थेट शीतकपाटातून आलीये ती, आणि सलाइनही गारच. थंडी वाजतेय त्यांना! नुसती थंडी!"

डॉ. चौगुले आल्या पावली आत वळल्या. दोन घोंगड्या गेल्या, पिशवी कोमट करायचं यंत्र गेलं. वीस मिनिटांनी आतून हिंदुरावांचा आवाज आला. ते परिचारिकेला सांगत होते की कोमट करायच्या यंत्राचा पंखा घासतोय, बेअरिंग बदला.

मालननं डोळ्यांना पदर लावला. "बरा झाला बघ माणूस," ती म्हणाली. "खोड काढाय लागला."

दुपारी पावणेदोनला शस्त्रक्रियागृहातून निरोप आला: आफ्रीनचा रक्तस्राव थांबला, ठोके स्थिर आहेत. जावेद व्हरांड्यात मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. शर्वरीला मात्र हसू आवरेना. ती जिने चढून वर गेली, खाली आली, परत वर गेली. कुणाला तरी मिठी मारावी असं तिला वाटत होतं, आणि समोर दिसला तो स्वच्छता कर्मचारी बिचारा बादली घेऊन बाजूला सरकला.

पुढचे दिवस आकड्यांचे होते. धमनीतल्या पेशींवर ओळखीची एक निरुपद्रवी खूण ठेवलेली होती, त्यामुळे हिंदुरावांच्या अंगात त्या किती फिरताहेत ते मोजता येत होतं. तिसऱ्या दिवशी जवळजवळ सगळ्या. बाराव्या दिवशीही तेवढ्याच. महिन्यानं तपासलं तेव्हा दात्याच्या रक्तापेक्षा जास्त पेशी टिकल्या होत्या, कारण या सगळ्या कोवळ्या होत्या. देशभरातून फोन येऊ लागले. त्यातला एक दिल्लीहून, आरोग्य मंत्रालयातून आला, आणि तो ठेवल्यावर शर्वरी बराच वेळ टेबलावर बोटं वाजवत बसली. मग आईवडिलांना बोलावून घेतलं.

"अण्णा, नीट ऐका. तुमच्या पेशींवर ए नाही, बी नाही, पायाही नाही, आणि तुम्ही निगेटिव्ह. तुमच्या शरीराला दुसऱ्या कुणाचं चालत नाही. पण उलट बाजूनं बघा. तुमचं रक्त जवळजवळ कुणालाही चालेल. कुठल्याही गटाच्या माणसाला. तुमच्या मूळपेशी धमनीत वाढवत ठेवल्या, तर चाचण्या पार पडल्यावर प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात हे रक्त ठेवता येईल. अपघातात गट बघायलासुद्धा थांबायला नको."

"म्हंजे माझं रक्त? सगळ्यांला?"

"सगळ्यांना. पण तुमची संमती हवी. नाही म्हणालात, तर पिशव्याच काय, पेशीसुद्धा नष्ट करायच्या. मी आग्रह करणार नाही."

हिंदुरावांनी चष्मा लावला. कागदाची चार पानं त्यांनी सावकाश वाचली. तिसऱ्या पानावर बोट ठेवून थांबले.

"हितं लिवलंय, मी मेल्यावरबी ह्या पेशी चालू राहणार?"

"हो, अण्णा."

"कितीक वर्षं?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही. कुणी मुद्दाम बंद करेपर्यंत."

हिंदुरावांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले, ग्रीस बसलेल्या नखांसकट. मग बायकोकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, कुठं जाण्याआधी ते तिला विचारत होते.

"मेल्यावर तरी माणूस एका जागी बसंल, असं म्हणत हुते मी," मालन म्हणाली. "तेबी न्हाई."

तिनं टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.